एक हात खिशात

बाईसाहेबांनी जेवण सोडलं त्याला एक्केचाळीस दिवस झाले होते आणि गुरुवारी त्यांना कायमचं झोपवायचं ठरलं होतं. त्या दिवशी सोमवार होता. म्हणजे माझ्याकडे तीन दिवस होते, एक प्लॅस्टिकचा चिमटा होता, आणि चिमट्यात डोळे वटारून माझ्याकडे बघणारा एक मेलेला मासा होता.

बाईसाहेब म्हणजे आमच्या मत्स्यालयातली विजेची वाम. पाटीवर तसं लिहिलंय म्हणून मीही तसंच म्हणते; जाणकार सांगतात की ती वाम नव्हेच, अंग लांबडं म्हणून नाव चिकटलं. लांबी दोन मीटर, रंग जुन्या चामडी चपलेचा, डोळे असून नसल्यासारखे. रूपाच्या नावानं आनंदच आहे. दर दहा मिनिटांनी वर येऊन तोंडानं हवेचा घोट घेते, कारण पाण्यातला श्वास तिला पुरत नाही, आणि पुन्हा ओंडक्यामागे जाऊन पडते. एरवी शेजारच्या रंगीबेरंगी माशांपुढे तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण तिच्या टाकीत दोन तारा सोडल्या आहेत आणि त्या भिंतीवरच्या स्पीकरला जोडल्या आहेत. तिनं अंगातून वीज सोडली की स्पीकर वाजतो. नुसतं हिंडणं-फिरणं असेल तर बारीक टिक्, टिक्. शिकार असेल तर खर्रर्र, जाड कापड एका दमात फाडल्यासारखा. तो आवाज झाला की सगळी गर्दी इकडे धावते.

नाव बाबांनी ठेवलेलं. सतरा वर्षांपूर्वी ती हातभर असताना तिला बादलीतून उचलून टाकीत सोडणारे तेच. "भूक लागली तरी मागत नाहीत. नुसतं दोनदा खाकरतात, आपण ओळखायचं," असं ते म्हणायचे. आणि खरंच, मासा पाण्यात उतरला की स्पीकरमधून आधी टक्-टक् असा जोडठोका यायचा, मग लगेच खर्रर्र, आणि पुढच्या क्षणी चिमटा रिकामा. लहान होती तेव्हा कोळंबीची पिल्लं आणि अळ्या खायची, मग बारके खेकडे, मग बोटभर मासे, मग वीतभर. चावणं वगैरे भानगड नाही. तोंड उघडलं की पाण्यासकट घास आत. तिचा घास कसा वाढत गेला ते बाबांना महिन्यावार सांगता यायचं. माझ्या जेवणाचं त्यांना एवढं कौतुक कधी नव्हतं, पण तो राग आता जुना झाला.

एक्केचाळीस दिवसांपूर्वी बाबांचा चिमटा माझ्या हातात आला आणि बाईसाहेबांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

पहिला आठवडा मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, लाडावलीय, नखरे करतेय, भूक लागली की येईल वळणावर. दुसऱ्या आठवड्यात मासे बदलले. तिसऱ्या आठवड्यात पाणी थोडं गरम केलं, दिवे कमी केले, काचेला काळे कागद लावून गर्दीचा हिरमोड केला. चौथ्या आठवड्यात मी बाबांचा जुना, मासळीचा वास मारणारा अ‍ॅप्रन घालून उभी राहिले. माणसाची अक्कल गहाण पडली की काय काय होतं बघा. जिला धड दिसत नाही तिच्यापुढे मी वेषांतर करत होते.

डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा तपासलं. तोंडात जखम नाही, पाणी ठीक, अंगावर काही नाही. वजन मात्र उतरत चाललेलं. नळीनं भरवायचं म्हटलं तर प्रत्येक वेळी गुंगी द्यावी लागणार, आणि ती तिला सोसणार नाही. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. उलट सगळ्यात जास्त जीव त्यांचाच तुटत होता. संचालकांच्या खोलीत त्या म्हणाल्या, "सतरा वर्षं म्हणजे वय झालं. उपाशी तडफडून मरू देण्यापेक्षा आपण शांतपणे झोपवू. गुरुवारी सकाळी दहाला."

"ती म्हातारी झालेली नाही. तिला भूक लागलीय," मी म्हटलं.

"कशावरून?" संचालकांनी विचारलं.

"मासा पाण्यात गेला की अजून दोनदा खाकरते. ज्याला जेवायचंच नाही तो खाकरेल कशाला?"

संचालकांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि डॉक्टरीणबाईंनी टेबलाकडे. गुरुवार कायम राहिला. दाराबाहेर आल्यावर मी ठरवलं की गुरुवारी दहाच्या आत ही बया जेवली पाहिजे. कशी, ते ठाऊक नव्हतं. पण मी एकदा हट्टाला पेटले की घरातले लोक वाटेतून बाजूला होतात. घरात आई गेल्यापासून बाबाच आहेत, तेही होतात.

आता एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. बाबांना कामावरून मीच काढलं.

आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम म्हणजे एक हात खिशात. उजवा हात टाकीवर गेला की डावा खिशात घालायचा आणि काम संपेपर्यंत बाहेर काढायचा नाही. दोन्ही हात टाकीवर असले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते, म्हणून. बाबांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं की घरी भाजी ढवळतानासुद्धा डावा हात खिशात. माझंही तेच. आम्ही दोघं रस्त्यानं निघालो की खिसे कापले जाण्याची भीती असल्यासारखे चालतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. हात स्वस्थ असला की नाही. काही उचललं, धरलं की सुरू. आधी थोडा, मग चांगलाच. चहा सांडायचा. सांडला की मी फडकं घेऊन धावायची. मला वाटायचं मी मदत करतेय. मग बाबा अर्धाच कप घ्यायला लागले. "मला कमीच लागतो." मग माझ्यानंतर जेवायला लागले, स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून. मीही न बघितल्यासारखं करायची. घरी निदान एका हातानं दुसरा धरता यायचा. टाकीवर ती सोय नव्हती, कारण दुसरा खिशात.

आणि दीड महिन्यापूर्वी त्यांचा चिमटा सुटला. चिमट्यामागोमाग सवयीनं हात गेला, रबरी मोज्यात पाणी शिरलं, आणि स्पीकर खर्रर्र वाजला. बाबा मागच्या रबरी चटईवर मट्कन बसले. ओठ पांढरे. "काही नाही, जरा गुदगुल्या झाल्या," म्हणाले. मी हसले, त्यांना उठवलं, आणि संडासात जाऊन कडी लावून रडले. दुसऱ्या दिवशी संचालकांकडे लेखी दिलं. हात थरथरतात. या कामास अयोग्य. खाली माझी सही. वडिलांना सांगू नका अशी विनंती. संचालकांनी शब्द पाळला आणि वयाचं कारण पुढे केलं. बाबांनी जाताना मोजे स्वच्छ धुऊन, पावडर लावून माझ्या हातात दिले. तेव्हापासून ते घरी खुर्चीत बसून असतात आणि संध्याकाळी एवढंच विचारतात, "जेवल्या का?"

मी रोज म्हणायची, "थोडंसं." धादांत खोटं.

सोमवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. बहुधा माझं समाधान व्हावं म्हणून. मी प्राण्यांचं खाणं तयार होतं त्या खाऊघराच्या पायरीवर बसून विजेच्या वामेचं प्रकरण वाचलं आणि माझा चहा गार झाला.

त्यात लिहिलं होतं की ही राहते गढूळ पाण्यात. तिथे दिसत काही नाही, आणि लहान मासे पालापाचोळ्यात, चिखलात अंग चोरून बसतात. अगदी हलत नाहीत. मग ही काय करते, तर पाठोपाठ दोन झटके सोडते. तेवढ्यानं लपलेल्या माशाचे स्नायू आपोआप आखडतात. त्यानं कितीही ठरवलं तरी अंग दचकतंच. ते दचकणं पाण्यातून हिच्या कातडीला कळतं, आणि मग खर्रर्र, सगळी ताकद लावून. मासा ताठ, आणि ही गिळून मोकळी. जोडठोक्यानंतर काही हललं नाही तर हिचा समज होतो की इथे कोणी नाही. मग ती पुढे जाते.

म्हणजे ते खाकरणं नव्हतंच. ती दार वाजवत होती. आत कोणी आहे का, असं विचारत होती, आणि माझा मेलेला मासा गप्प राहत होता. एक्केचाळीस दिवस!

जिवंत मासा सोडला की प्रश्न मिटला, हे कोणालाही सुचेल. मलाही सुचलं. पण आमच्याकडे जिवंत काहीही टाकीत जायचं नाही, गांडूळसुद्धा नाही. नऊ वर्षांपूर्वी खाऊ म्हणून आणलेल्या जिवंत माशांबरोबर रोग आला आणि दोन टाक्या साफ झाल्या. मेलेले मासे फावड्यानं भरणाऱ्यांत मी होते, त्यामुळे त्या नियमाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. नवे मासे वेगळे ठेवून तपासायचे तर तीन आठवडे लागतात. माझ्याकडे तीन दिवस होते, त्यातला एक संपत आला होता.

मग मी चिमटा हलवला. पहिल्यांदाच नव्हे, आधीही हलवून झालं होतं. पण आता कशासाठी ते कळलं होतं. डावा हात खिशात, उजव्यात मासा. बाईसाहेब ओंडक्यामागून आल्या. टक्-टक्. मी मासा हिसडला. त्या वळल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या. टक्-टक्. हिसडला. गेल्या. ठोका ऐकून मग हात हलवायचा म्हणजे उशीरच. खरा मासा क्षणार्धाच्याही आत दचकतो. मी आधी ऐकते, मग ठरवते, मग हलवते. तोवर ही पुढच्या दारात. उगाच सतत हलवत राहिले तर माझा हात झोके द्यायला लागला. असले झोके कुठला मासा घेतो?

मंगळवारी सकाळी मी फ्यूजला गाठलं. फ्यूज आमचा वायरमन. खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असेल. त्यानं दाढीच्या मशीनमधली मोटर काढून चिमट्याला पट्टीनं बांधली. "असा थरथरेल की बाईसाहेब खूश," तो म्हणाला. मोटर सुरू केली. चिमटा घूंऽऽ करायला लागला, मासा त्यातून सुटून फ्यूजच्या छातीवर आदळला, आणि बाईसाहेब ओंडक्यामागे अशा दडल्या की श्वास घ्यायलासुद्धा अगदी नाइलाज झाल्यावरच वर आल्या.

"खूश झाल्या," मी म्हटलं.

"हे फार जलद होतंय," फ्यूज शर्ट पुसत म्हणाला. "आणि तुझा हात फार हळू. मधलं काहीतरी पाहिजे. तुझे बाबा कसं करायचे?"

"काही करायचे नाहीत. नुसता धरायचे."

हे बोलले आणि माझंच मला खटकलं. बाबांचेही मासे मेलेलेच होते, नऊ वर्षं. मग ते कसे उत्तर देत होते?

मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक प्राण्याची जेवणाची वही असते. तारीख, काय दिलं, खाल्लं की नाही, शेरा. जिवंत मासे बंद झाले त्या वर्षी बाबांच्या अक्षरात पानंच्या पानं 'नाही', 'नाही', 'एक घेतला', 'नाही'. तेव्हाही बाईसाहेब खंगल्या होत्या, मी विसरलेच होते. मग हळूहळू 'दोन घेतले'. मग 'चार'. तीन वर्षांनंतर एकही 'नाही' नाही. तेव्हा सगळे म्हणाले होते, काय चिकाटी माणसाची, मेलेलं खायला शिकवलं तिला. मी पानं उलटत होते, पण बघत होते बाबांचं अक्षर. पहिल्या वहीत ते टाकीच्या काचेसारखं स्वच्छ. पुढच्या वहीत काना किंचित वाकडा. त्याच्या पुढच्यात वेलांट्या हललेल्या. जसजसं अक्षर बिघडत गेलं तसतशी बाईसाहेबांची भूक सुधारत गेली होती.

फ्यूजच्या फोनमध्ये गेल्या वर्षीचा बाबांचा एक व्हिडिओ होता. आम्ही तो स्पीकरचा आवाज वाढवून बघितला. बाबा उभे, डावा हात खिशात, उजव्यात चिमटा, आणि चिमट्याच्या टोकाला मासा बारीक, एकसारखा थरथरत होता. थांबत नव्हता. टक्-टक्, आणि त्यानंतरच्या क्षणीही तो हलतच होता. खर्रर्र. गेला.

"अगं," फ्यूज म्हणाला, "हा तर जिवंतच वाटतोय."

ज्या हातामुळे मी त्यांना अयोग्य ठरवलं, तोच हात तिला जेवू घालत होता. आणि मला भीती कशाची होती? हात पाण्याच्या फार जवळ जाण्याची. त्याला उपाय चिमटा लांब करणं हा होता. चिमटा लांब करण्याऐवजी मी माणूसच काढून टाकला होता. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पाच वाजता घरी गेले. बाबा खुर्चीत. "जेवल्या का?"

"नाही. बेचाळीस दिवस एक घास नाही. मी खोटं बोलत होते. गुरुवारी झोपवणार आहेत."

त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं बोलले नसते. पुस्तक, वह्या, व्हिडिओ, सगळं सांगितलं. "तुमचा हात थरथरतो म्हणून ती खाते, बाबा. तुम्हीच यायला हवं."

"मी कसा येणार? वय झालं म्हणून काढलंय मला."

"वयासाठी नाही. हातासाठी. मी लिहून दिलं होतं. माझी सही आहे त्यावर."

त्यांना माहीत असेल, असं मला आतून कुठेतरी वाटत होतं. माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते इतकं सरळ दिसलं की मी खाली बघितलं.

"तू?" ते म्हणाले.

"मला भीती वाटली. तुम्ही चटईवर बसलात त्या दिवशी..."

"तोंडावर सांगायचं होतंस. शिव्या दिल्या असत्या, पण ऐकलं असतं." त्यांचा आवाज चढला. "ऑफिसात जाऊन कागद लिहिलास! आणि आता तोच हात चालतो होय तुम्हाला? आता काय, चार लोकांसमोर थरथर करून दाखवायची? तिकीट लावा त्याला!"

उठले, खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी जेवण वाढून दाराशी ठेवलं. तासाभरानं ताट तसंच होतं. घरात आता दोघं उपाशी, तिसरी मत्स्यालयात.

बुधवारी सकाळी दार बंदच होतं. मी कामावर गेले. बाबा येतील की नाही ठाऊक नव्हतं, पण आले तर मागची चूक पुन्हा व्हायला नको, एवढं पक्कं होतं. फ्यूजला म्हटलं, "लांब चिमटा कर. निदान दीड मीटर. आणि टाकीच्या कडेला कठडा, हात पाण्यापर्यंत पोचताच कामा नये." त्यानं प्लॅस्टिकचा पोकळ पाइप घेतला, टोकाला चिमटा बसवला, मुठीला दोरीचा फास केला. दुपारपर्यंत कठडाही ठोकून झाला. मग मी मासा लावून पाण्यात सोडला आणि स्पीकरपुढे फोन धरून बसले. ती आली. टक्-टक्. मी काहीच केलं नाही. टक्-टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्-टक्, आधीपेक्षा हळू. मग काही नाही. सगळं टिपून घेतलं.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून बसले होते. बोलून मी काय काय केलंय ते दोघांना माहीत होतं. मी नुसता फोन टेबलावर ठेवला आणि आवाज सुरू केला.

टक्-टक्. मोठी शांतता. टक्-टक्. त्याहून मोठी शांतता. टक्-टक्.

बाबांनी मान वर केली. "पुन्हा लाव."

पुन्हा लावला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"आवाज बसलाय तिचा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "किती वेळा विचारते बिचारी." मग उठून खोलीत गेले. दार या खेपेला लावलं नाही, पण मी आत गेले नाही.

गुरुवारी सात वाजता मी बाहेर पडायला निघाले तर बाबा दाराशी गमबूट घालून उभे.

"मी तुझ्यासाठी येत नाहीये," ते म्हणाले.

"बरं."

"मोजे कुठेत माझे?"

"तिथेच आहेत. पावडर लावून ठेवलेत."

वाटेत दोघांचेही डावे हात खिशात होते.

साडेनऊला टाकीच्या मागच्या बाजूला आम्ही पाच जणं होतो. संचालक, बॅग घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई, फ्यूज, मी आणि बाबा. बाबांनी कठडा हलवून बघितला. पाइप हातात घेऊन तोलून बघितला. "हे आधी का नाही केलं?" त्यांनी फ्यूजला विचारलं. फ्यूजनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सुचलं नाही. चूक झाली माझी." बाबांनी मान हलवली आणि मासा लावायला पाइप माझ्यापुढे धरला. पाइप लांब, त्यामुळे हाताची थरथर टोकाला दुप्पट दिसत होती. मासा लावायला मला तीन वेळा प्रयत्न करावे लागले. संचालक दुसरीकडे बघायला लागले. सभ्यपणा म्हणून असेल, पण मला तो चीड आणणारा वाटला.

"इकडे बघा, साहेब," मी म्हटलं. "हेच बघायचंय."

बाबांनी डावा हात खिशात घातला. मी मागून त्यांचा पट्टा धरला. मासा पाण्यात उतरला.

काही नाही. स्पीकरमधून बारीक टिक्, टिक्. ती ओंडक्यामागे होती आणि हलत नव्हती. बाबांचा हात दमायला लागला तशी थरथर वाढली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलेलं मला दिसलं. बाबा पाण्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बाईसाहेब, मी आलोय. विचारा."

तिनं ते ऐकलं असं मी म्हणणार नाही. पाण्याखाली शब्द कुठले पोचतात. पण ती पुढे आली. सावकाश, अंग न वाकवता, खालचा लांब पर तेवढा झुळझुळवत. माशापासून हातभर अंतरावर थांबली.

टक्-टक्.

खर्रर्र! इतका मोठा, की संचालक मागे सरकले. पाणी उसळलं, पाइप ओढला गेला, आणि वर आला तो रिकामा.

"दुसरा," बाबा म्हणाले. मी रिकाम्या चिमट्याकडेच बघत होते. "अगं दुसरा दे, उभी काय राहिलीस!"

सहा मासे घेतले तिनं. सातव्याला डॉक्टरीणबाईंनीच थांबवलं, इतक्या दिवसांच्या उपासानंतर एकदम जास्त नको म्हणून. त्यांनी न उघडलेली बॅग उचलली आणि परवा पुन्हा बघून जाते म्हणाल्या. संचालक बाबांकडे वळले. "आठवड्यातून तीनदा तुम्ही लागाल. पण कागदावर काहीतरी कारण दाखवावं लागेल. शेऱ्यात लिहा."

मी वही उघडली. तारीख. सहा मासे. खाल्लं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: हात थरथरतात. या कामास योग्य.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. वही त्यांच्या हातात हलत होती, म्हणून त्यांना वेळ लागला.

"सही कर खाली," ते म्हणाले. "मागच्या वेळी केली होतीस ना?"

मी केली.

तेवढ्यात फ्यूज सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. त्याला काय माहीत, सगळे कप काठोकाठ भरलेले. बाबांनी उजव्या हातानं त्यातला एक उचलला. डावा अजून खिशातच होता. चहा हिंदकळला, बशीत सांडला, गमबुटावर सांडला. ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि उरलेला सावकाश प्यायले. मी फडकं आणायला गेले नाही.